रिकामा डबा परत न करण्याचे परिणाम

परवा फोनवर तुमच्यापैकी थोरल्याने मला विचारलं, "आजी, तू एकटी असतेस, तब्येतीवर परिणाम नाही का होत?" आणि मग हेही सांगितलं, की तुमच्याकडचे डॉक्टर हल्ली म्हाताऱ्यांना म्हणतात, औषधं घ्या पण माणसांतही मिसळा, त्याने आयुष्य वाढतं. मी नुसतं "हो का" म्हणाले, कारण तेवढ्यात दाराची बेल वाजली. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, ही गोष्ट आमच्या कॉलनीने फार पूर्वी शोधून काढली होती. फक्त ती शोधता शोधता एक चांगला माणूस आम्ही जवळजवळ संपवला होता. ते सगळं क्रमाने लिहून ठेवते. तुमच्या आजोबांनी सांगितलं असतं तर शेवटापासून सुरुवात करून मध्येच चहा मागितला असता.

आधी नियम सांगते, कारण तुम्ही जिथे वाढलात तिथे तो नाही. शेजारच्या घरून डब्यात काही खायला आलं, तर तो डबा रिकामा परत करायचा नाही. घासायचा, पुसायचा आणि आपल्या घरचं काहीतरी घालून द्यायचा. अगदीच काही नसलं तर चमचाभर साखर घालायची. असं का, हे कोणी सांगत नाही, कारण कोणी विचारत नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लग्न होऊन नाशिकला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारून अळूवड्या आल्या. मी डबा लख्ख धुतला, आत 'थँक यू' लिहिलेली चिठ्ठी ठेवली आणि परत पाठवला. संध्याकाळी माझ्या सासूबाई त्या घरी जाऊन सांगून आल्या, की मुलगी तशी चांगली आहे, फक्त इंग्रजीत शिकलेली आहे.

या नियमाला शेवट नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. त्यांच्या डब्यातून आपल्या चकल्या गेल्या, की त्यांना वाटतं आपल्याकडे काहीतरी आलं, आता आपण पाठवायला हवं. अशीच आमची कॉलनी चालायची. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला लहान लहान बंगले होते आणि मधल्या भिंती कमरेइतक्या होत्या. भिंत कमरेइतकी का, तर डबा पलीकडे देता यावा म्हणून, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

आमच्या उजव्या भिंतीपलीकडे राहायचे त्यांना मी भाऊजी म्हणायची. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. जिल्हाभर फिरून दुकानदारांचे काटे आणि मापं तपासायची हे त्यांचं काम. सबंध नोकरीत त्यांनी कोणत्याही दुकानात चहाचा घोट घेतला नव्हता. एकदा निफाडच्या बाजारात कोणीतरी गुपचूप त्यांच्या स्कूटरच्या मागे द्राक्षांची पेटी बांधून दिली. निम्म्या वाटेत ती त्यांच्या लक्षात आली, तर पेटी परत करायला हे उलटे गेले. द्राक्षं आंबट होती म्हणून दिली असतील, असं तुमचे आजोबा म्हणायचे, पण ते त्यांच्यामागे.

त्यांच्या पत्नी मात्र मोकळ्या हाताच्या. त्यांच्या घरातून जेवढे डबे बाहेर जायचे तेवढे आमच्या सगळ्यांच्या मिळून जात नसतील. देणं-घेणं सगळं त्याच बघायच्या. भाऊजी फक्त पेपर बाजूला करून विचारायचे, "कोण होतं?" आणि उत्तर ऐकायच्या आत परत पेपरात जायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, एका उन्हाळ्यात, त्या अचानक गेल्या. भाऊजी तेव्हा सत्तरीला टेकले होते. मुलगी पुण्याला. तेराव्यानंतर ती नोकरीवर परत गेली आणि आम्ही बायकांनी ठरवलं, की यांना उपाशी राहू द्यायचं नाही. मी सगळ्यांचे वार लावून दिले. सोमवार आमचा, मंगळवार समोरच्या ताईंचा, असं आठवडाभर. वार चुकू नयेत म्हणून मी रोज सकाळी ज्याचा वार असेल त्याच्या फाटकाशी जाऊन आठवणही करायची. मला वाटतं, माझ्या फाटकापाशी येण्याने काही घरांत दुःखापेक्षा जास्त दडपण आलं होतं.

डबे जाऊ लागले. पण परत येईनात.

पहिला आठवडा कोणी काही बोललं नाही. माणूस दुःखात आहे. पुढे गणपती झाले, नवरात्र आलं, आणि घराघरांतली फडताळं रिकामी दिसायला लागली. तेव्हा स्टीलच्या डब्यांवर नाव कोरून घ्यायची पद्धत होती, कोणाच्या लग्नात कोणी दिला तेही असायचं, त्यामुळे गेलेला प्रत्येक डबा लोकांना नावानिशी आठवत होता. समोरच्या ताई तोंडाच्या फटकळ. एक दिवस भिंतीशी उभ्या राहून म्हणाल्या, "अन्नाबरोबर डबेपण खातात का हो ते?"

"ताई, हळू. ऐकतील."

"ऐकू देत. माझ्या माहेरचा पुरणाचा डबा आहे त्यात. काल बोहारीण त्यांच्या फाटकाशी उभी होती, मी डोळ्यांनी बघितलं."

"बोहारीण सगळ्यांच्याच फाटकाशी उभी राहते."

"माझ्या फाटकाशी राहते तेव्हा ती डबे द्यायला राहते. त्यांच्याकडे न्यायला राहिली असेल."

मी हे तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, माणसाची बायको गेली आणि तुम्ही स्टीलचं काय घेऊन बसलात?"

"तेच म्हणते. बायको गेल्यावर माणूस डबे कशाला साठवेल?"

यावर त्यांनी पंखा वाढवला.

दिवाळीच्या सुमारास भाऊजींनी डबे घेणंही बंद केलं. जाळीच्या दारातून म्हणायचे, "जेवण झालंय." सकाळी आठला जा, संध्याकाळी सातला जा, जेवण झालेलंच असायचं. मग ते दिसेनासेच झाले. मखमलाबादकडून मळ्यातली भाजी घेऊन यायची ती बाई मला सांगायला लागली, "काकू, ते सायब लय वाळले बघा. दार नाय उघडत. खिडकीतून बोलत्यात, घरी कोणी नाय म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्या काय म्हणणार. म्हणलं बरं, आल्यावर सांगा, मेथी चांगली हाय."

एका संध्याकाळी तर त्यांच्या पुढच्या दाराला बाहेरून मोठं कुलूप दिसलं. मला वाटलं मुलीकडे गेले. तुमचे आजोबा अंगणात फेऱ्या मारत होते, ते भिंतीशी थांबले आणि मला हाताने बोलावलं. कुलूप लावलेल्या घरातून सातच्या बातम्या ऐकू येत होत्या. भाऊजी पुढून कुलूप घालून मागच्या दाराने आत शिरत होते. आयुष्यभर लोकांची लबाडी पकडली त्या माणसाला स्वतःची लबाडी करताना रेडिओ बंद करायचं सुचलं नव्हतं.

हसण्यासारखं होतं, पण आम्ही हसलो नाही, कारण त्याच आठवड्यात कॉलनीच्या तोंडाशी राहणारे आमचे डॉक्टर तुमच्या आजोबांचं प्रेशर बघताना भाऊजींचंही सांगून मोकळे झाले. आमच्याकडे तेव्हा दवाखान्यात गुपित वगैरे काही नसायचं. ते म्हणाले, "वजन सारखं उतरतंय. झोप नाही. गोळी वाढवली तर प्रेशर आणखी वाढलं. माझ्याकडे आता वाढवायला काही नाही. तुम्ही शेजारी लोक काय करताय तिथे?"

"आम्ही रोज डबा पाठवतोय," मी जरा ताठ बसून सांगितलं.

"मग ते खात का नाहीत?"

त्या रात्री पुण्याहून मुलीचा फोन आला. "काकू, बाबा फोनवर फक्त हो आणि नाही म्हणतात. मे महिन्यात मला रजा आहे, मी त्यांना घेऊन जाते. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट निम्मा वेळ बंद, आणि आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात. पण निदान रात्री तरी डोळ्यांसमोर असतील." मी "बरं" म्हणाले. ज्या माणसाला पेरूच्या झाडाखाली पेपर वाचल्याशिवाय सकाळ झाली असं वाटत नाही, तो चौथ्या मजल्यावरच्या बंद घरात किती टिकेल, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. आणि इथे असेच राहिले तर मे महिना तरी बघतील का, हे आम्ही दोघींनी बोलायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं त्यांच्या मागच्या दाराने सरळ आत गेलो. चोरासारखं वाटत होतं. तुमच्या आजोबांनी तर चपला हातात घेतल्या होत्या.

भाऊजी सदरा-पायजम्यात जेवणाच्या टेबलाशी उभे होते. त्यांच्या हातात फडकं होतं. टेबलावर कॉलनीतले सगळे डबे होते. घासूनपुसून चकचकीत, झाकणं शेजारी उघडी, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, प्रत्येक घराची ओळ वेगळी. समोरच्या ताईंचा पुरणाचा डबा मधोमध, एखाद्या पुढाऱ्यासारखा. आम्हाला बघून ते इतके दचकले की हातातलं झाकण खाली पडलं आणि बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

"भाऊजी, हे काय?"

"वहिनी, सगळे आहेत. एकही हरवलेला नाही. मोजून घ्या."

"मोजायला नाही आलो. परत का नाही केले?"

"रिकामे कसे करू?" ते खुर्चीवर बसले. "हिने कधी रिकामा डबा दिला नाही. मला तर काही करता येत नाही. शिरा करून बघितला, तो कढईला धरून बसला, अजून निघालेला नाही. बघा हवं तर."

तुमच्या आजोबांनी खरंच जाऊन बघितलं. परत येऊन म्हणाले, "भिंतीला लावता येईल."

"अहो, नुसती साखर घालायची," मी म्हणाले. "चमचाभर साखर चालते. सगळे घालतात."

भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खोटं वजन वापरलं. "अर्धा किलो पुरणपोळ्यांना चमचाभर साखर? वहिनी, हे कोणत्या मापात बसतं? डबे वाढत गेले तसं मला लोकांसमोर यायची लाज वाटायला लागली. रस्त्यात कोणी भेटलं की वाटायचं, यांचे तीन, यांचे पाच. जेवण घशाखाली उतरेना. शेवटी म्हटलं, नवे घ्यायलाच नकोत."

म्हणजे आम्ही जितकं त्यांना सांभाळत होतो तितके ते आत आत जात होते. प्रत्येक डब्याबरोबर आम्ही त्यांच्या दाराला एक एक कडी लावत होतो.

मी शिस्तीची बाई, म्हणून मला पहिला उपाय शिस्तीचा सुचला. बायकांना आमच्या ओट्यावर जमवलं, सगळं सांगितलं आणि म्हटलं, आजपासून नियम रद्द. सगळ्यांनीच डबे रिकामे परत करायचे, म्हणजे भाऊजींना वेगळं वाटणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरच्या ताईंचे डोळेही भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझा कालचा डबा रिकामा परत आणून दिला. मी झाकण उघडून आत बघितलं, आणि माझ्या मनात आलं, एवढं काय वाईट झालं होतं माझं वांग्याचं भरीत? ताईंना माझ्या चेहऱ्यावरून कळलं. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगितलं होतं." मी म्हणाले, "हो, मीच सांगितलं होतं." पुढचे दोन दिवस आम्ही एकमेकींशी फक्त पाण्याच्या टँकरबद्दल बोललो. तोपर्यंत कॉलनीत आणखी दोन घरं रुसली होती. नियम रद्द करण्याचा विचार मी रद्द केला.

उपाय तुमच्या आजोबांनी काढला. ते म्हणाले, "त्यांना एक पदार्थ शिकव. एकच. बाकी ते बघतील."

मी लसूण-खोबऱ्याची चटणी निवडली. ती बिघडत नाही, टिकते, आणि कढईला धरत नाही. भाऊजी आमच्या स्वयंपाकघरात आले ते स्वतःचा तराजू आणि वजनांची लाकडी पेटी घेऊन.

"सुकं खोबरं एक वाटी," मी म्हणाले.

"कोणती वाटी?"

मी वाटी दाखवली. त्यांनी ती आधी रिकामी तोलली.

"लसूण मूठभर."

"कोणाची मूठ?"

"माझी."

मला मूठभर लसूण तराजूत टाकायला लावला. मग तुमच्या आजोबांना बोलावलं आणि त्यांची मूठ तोलली. ती जड भरली. तुमचे आजोबा उगीचच खूश झाले. भाऊजी गंभीर होऊन म्हणाले, "हा फरक बाजारात चालत नाही, वहिनी."

"आता मीठ. चवीपुरतं."

त्यांनी हातातलं वजन खाली ठेवलं. "चवीपुरतं म्हणजे किती ग्रॅम?"

"ते जिभेला कळतं."

"तुमच्या जिभेवर कोणी शिक्का मारलाय? वर्षातून एकदा तपासणी होते का तिची?"

तुमच्या आजोबांना ठसका लागला. लसणाचा असं ते म्हणाले. बऱ्याच महिन्यांनी भाऊजींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते हसू होतं की मिठाबद्दलची तक्रार, हे मला नक्की सांगता येणार नाही.

चटणी झाली. पहिला डबा घेऊन ते समोरच्या ताईंकडे गेले, आणि आम्ही दोघं खिडकीच्या पडद्याआड. ताईंनी डबा हातात घेतला, आपल्या माहेरचं नाव बोटाने चाचपलं, झाकण उघडलं आणि म्हणाल्या, "बसा. चहा टाकते."

"नको, नको. चहा कशाबद्दल?"

"बसल्याबद्दल."

ते बसले. पुढे मला ताईंनी सांगितलं, की त्यांनी चहा आधी बशीत ओतून बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, मग घेतला, आणि साखर थोडी जास्त आहे असं सांगितलं. त्याच संध्याकाळी ते आणखी दोन घरी बसून आले.

आता माझ्या एक गोष्ट लक्षात यायला हवी होती. ज्या माणसाला अर्धा किलो पुरणपोळ्यांना चमचाभर साखर मान्य नाही, तो चटणी किती देईल? तर जितकं वजन आलं तितकं. अर्धा किलो बासुंदी गेली, तर अर्धा किलो लसणाची चटणी परत. तोलून. त्या हिवाळ्यात आमची कॉलनी चटणीत बुडाली. आम्ही ती भाकरीला लावली, इडलीला लावली, थालीपिठात मळली. तुमच्या वडिलांनी तेव्हा मुंबईहून आल्यावर फाटकातच विचारलं, "हा वास कसला?" डॉक्टरांनी कॉलनीतल्या पोटाच्या तक्रारी बघून मला बोलावलं आणि म्हणाले, "तुमच्या भाऊजींचं वजन वाढतंय हे चांगलं आहे, पण बाकीच्यांचं काय करताय?"

मग स्वतःचा जीव वाचवायला घराघराने त्यांना दुसरा पदार्थ शिकवायला सुरुवात केली. ताईंनी शिरा शिकवला आणि तो कढईतून निघाला. डॉक्टरांच्या बायकोने कैरीचा तक्कू शिकवला. भाजीवाली बाई भिंतीवर टोपली टेकवून त्यांना मेथी निवडायला शिकवायची, आणि ते तिची जुडी तोलून तिला सांगायचे, "आज कमी आहे," आणि ती म्हणायची, "सायब, देठं तुमी खाता का?" शिकायला म्हणून ते रोज कोणाच्या ना कोणाच्या ओट्याशी उभे असायचे, आणि ओट्याशी उभं राहिलं की कॉलनीतलं सगळं कानावर पडतं. कोणाची सून रुसली, कोणाचं पाणी चढत नाही, हे आम्हाला त्यांच्याकडून कळायला लागलं. पूर्वी पेपर बाजूला करून "कोण होतं?" विचारणारा माणूस आता फाटकातून सांगायचा, "कोण येतंय ते."

गोळी मार्चमध्ये निम्मी झाली. डॉक्टरांनी त्याचं श्रेय गोळीला दिलं. तुमच्या आजोबांनी मुठीला दिलं. भाऊजी पुढे पुष्कळ जगले. तुम्ही लहान असताना सुट्टीत आलात की भिंतीवरून तुम्हाला शिरा द्यायचे आणि तुमची वजनं विचारायचे, ते आजोबा तेच. पण त्या मे महिन्यात हे काही ठरलेलं नव्हतं, कारण मुलगी रजा काढून, मोठी बॅग घेऊन आली.

तिने आधी वडिलांकडे बघितलं. मग रडली. मग बॅग उघडली. "बाबा, तुमचे कपडे काढून ठेवा. रविवारी निघायचं."

"निघू की," भाऊजी म्हणाले. "पण हा रविवार नको. समोरच्यांचा डबा माझ्याकडे आहे, माझा डॉक्टरांकडे आहे. सगळं जिकडचं तिकडे झालं की निघू."

"किती दिवस लागतील?"

त्यांनी खरोखर विचार केला. "आठवड्यात होईल."

तिने वाट बघितली. ताईंचा डबा परत गेला, त्यात शिरा. डॉक्टरांकडचा परत आला, त्यात आंबा पोळी. आंबा पोळीबद्दल डॉक्टरांना तक्कू पोचला. शिऱ्याबद्दल ताईंकडून साबुदाणा वडे आले, आणि ते आले नव्या डब्यातून. मुलगी रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर बसून हे बघत होती. रजा संपत आली तेव्हा मला म्हणाली, "काकू, हे संपत नाही ना?"

"नाही."

"कधीच?"

"मी एकदा संपवायचा प्रयत्न केला होता. लोक बोलायचे थांबले."

तिने वडिलांच्या घराकडे बघितलं. भाऊजी आत कोणाशी तरी वेलदोड्याच्या पुडीवरून वाद घालत होते. ती म्हणाली, "आमची लिफ्ट तशीही बंदच असते."

रविवारी ती एकटीच निघाली. बसमध्ये खायला म्हणून मी तिला पोळी आणि बटाट्याची भाजी बांधून दिली, एका मधल्या आकाराच्या डब्यात. तिने तो पिशवीत ठेवला आणि हा डबा आता पुण्याला चाललाय हे माझ्या लक्षात यायच्या आत स्टँडवरून बस सुटली.

महिनाभराने, शनिवारी दुपारी, ती परत दारात उभी. "काकू, तुमचा डबा राहिला होता माझ्याकडे," ती म्हणाली. एवढ्यासाठी पुण्याहून आलीस का, असं मी विचारलं नाही. डबा जड होता. आत काठोकाठ बाकरवडी होती. ती पलीकडे वडिलांच्या घरी गेली, आणि मी बाकरवडी काढून घेतली, डबा घासला, पुसला आणि तिला उद्या सोबत काय द्यावं म्हणून फडताळ उघडून उभी राहिले.